पिठीसाखर घरी दळायची असेल तर आधी हे बघा

प्रश्न असा आलाय की घरी मिक्सरला साखर फिरवली तर ती पिठीसाखर म्हणून सगळीकडे चालते का, दोन-चार तासांत तिच्या गुठळ्या का होतात, केकवरचं आयसिंग दाताखाली कचकच का लागतं, आणि कॉर्नफ्लोअर घालायचं की नाही. मी मुंबईत घरून केकच्या आणि दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते, पिठीसाखर हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तरच लिहिते, कारण हे चारही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत.

आधी सरळ उत्तर. हो, घरी होते आणि छान होते. पण ती कशासाठी हवीये हे ठरवल्याशिवाय मिक्सर लावू नका. बेसनाचे लाडू, रव्याचे बिनपाकाचे लाडू, नानकटाई, करंजीचं सारण, चिरोट्यांवर भुरभुरवायला, या सगळ्याला घरचीच वापरा, विकतची आणायची काहीच गरज नाही. बटरक्रीमला, म्हणजे बटर आणि पिठीसाखर फेटून केकवर लावतात त्या आयसिंगला, घरची चालते पण चाळण्याची मेहनत घ्यावी लागते. आणि बारीक नोझलने, म्हणजे आयसिंगच्या पिशवीला लावायच्या टोकदार नळीने, नक्षी काढायची असेल तर मी स्वतः विकतची आयसिंग शुगर आणते, म्हणजे थोडा स्टार्च मिसळलेली फार बारीक पिठीसाखर. आणि दुसरी गोष्ट, जी मी क्लासला येणाऱ्या प्रत्येकीला सांगते, मुंबईत पिठीसाखर ही साठवणीची वस्तू नाहीये, लागेल तेव्हा आणि लागेल तेवढीच दळायची. हे एकदा पाळलं की गुठळ्यांची निम्मी तक्रार तिथेच संपते.

आता मापाचं बोलते, कारण सगळ्यात जास्त पदार्थ इथे बिघडतात आणि दोष मात्र पिठीसाखरेला लागतो. रेसिपीत लिहिलेलं असतं १ कप पिठीसाखर, आपण १ कप साखर घेतो, दळतो आणि सगळी ओततो. १ कप साखर म्हणजे साधारण २०० ग्रॅम. ती दळली की फुगते, जवळपास पावणेदोन कप होते, कारण दळल्यावर कणांमध्ये हवा शिरते. म्हणजे १ कप पिठीसाखरेचं वजन जेमतेम १२० ग्रॅम. तुम्ही १२० च्या जागी २०० घातली तर लाडू घशाशी गोडच होणार आणि नानकटाई ओव्हनमध्ये पसरणार. काटा असेल तर वजनानेच घ्या, वजन दळण्याआधी आणि नंतर तेच राहतं. काटा नसेल तर आधी दळा, मग कपाने मोजा, आणि कप दाबून भरू नका.

साखर कुठली? वाण्याकडे जाड आणि बारीक अशी दोन्ही मिळते, गोणीवर एम-३० आणि एस-३० असं छापलेलं असतं, त्यात एम म्हणजे दाणा मोठा आणि एस म्हणजे लहान. दळायला एस घ्या, मिक्सरला कमी त्रास होतो. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत साखर गंधकाच्या प्रक्रियेने साफ करतात, तिला किंचित पिवळट झाक असते, दळल्यावर ती पांढरीशुभ्र दिसते खरी पण पाणी घालून आयसिंग केलं की झाक परत वर येते. पांढराशुभ्र केक हवा असेल तर गंधक न वापरलेली रिफाइंड साखर घ्या, लाडवाला मात्र कुठलीही चालेल. खडीसाखर दळली तर हाताशी येते ती साखरच, फक्त मिक्सरमध्ये टाकायच्या आधी खलबत्त्यात फोडून घ्या नाहीतर पात्याला दणका बसतो. ब्राउन शुगर आणि गूळ पावडर यांच्यात मळीचा ओलावा असतो त्यामुळे दळताना त्या भांड्याला चिकटून बसतात, त्यांचा नाद सोडा.

भांडं स्टीलचं घ्या. पारदर्शक प्लास्टिकचं भांडं साखरेच्या कडांनी ओरखडे पडून पांढुरकं होतं आणि परत कधीच स्वच्छ दिसत नाही. भांडं कोरडं म्हणजे नुसतं फडक्याने पुसलेलं नाही, पात्याच्या खाली आणि झाकणाच्या रबराच्या खाचेत पाणी लपलेलं असतं, ते रबर काढून पुसायचं आणि सगळं तासभर पंख्याखाली पालथं घालायचं. चटणीच्या भांड्यात दळणार असाल तर वासाचं बघा. आपल्या नाकाला लसणाचा वास येत नसला तरी साखर तो पकडते, आणि रव्याच्या लाडवाला लसणाचा वास आला की सांगायचं काय! आधी मूठभर तांदूळ फिरवून फेकून द्या, मग मूठभर साखर फिरवा आणि ती साखर आमटीत-भाजीत वापरा, त्यानंतर खरी दळायची घ्या.

एका वेळी १ कपच, भांडं अर्ध्याच्या खालीच राहिलं पाहिजे. सुरुवातीला बटण उलट्या बाजूला थोडं थोडं दाबून पाच-सहा झटके द्यायचे, आवाज ऐका, आधी दाणे झाकणावर आपटून खडखड होते, मग ती खडखड बसते आणि घरघर सुरू होते. तेव्हा सरळ फिरवा, ३० सेकंद. मग एकदम आवाज पातळ होतो, मिक्सर मोकळा पळायला लागतो, त्याचा अर्थ साखर झाली असा नाही, अर्थ असा की पिठी कडेला जाऊन चिकटली आणि पातं रिकामंच फिरतंय. तिथे थांबायचं, भांड्याला बाहेरून दोन-चार थापा मारायच्या, कोरड्या चमच्याने कडा सोडवायच्या आणि परत ३० सेकंद. सलग तीन-चार मिनिटं फिरवू नका, भांडं तापतं, तापलेली पिठी चिकट होते आणि गार होताना झाकणाला दव धरतो, तोच थेंब खाली पडून पहिली गुठळी करतो.

थांबलं की लगेच झाकण उघडू नका, दोन मिनिटं जाऊ द्या, धूळ खाली बसू दे. आणि हे काम पेटलेल्या गॅसपाशी करू नका. मी उगाच घाबरवत नाहीये, हवेत उडालेली साखरेची बारीक धूळ पेट घेते, २००८ साली अमेरिकेत जॉर्जियामधल्या पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात अशाच धुळीचा स्फोट होऊन १४ माणसं गेली. घरात १ कपाने तसं काही होणार नाही, पण मुंबईच्या किचनमध्ये मिक्सर आणि शेगडी एकाच ओट्यावर हातभर अंतरावर असतात, म्हणून सांगते, गॅस बंद करून मगच दळा.

आता चाळणं. सपीट चाळायची जी बारीक चाळण असते ती लाडवाला आणि नानकटाईला पुरते, वर उरलेले जाड कण परत मिक्सरमध्ये. आयसिंगसाठी मात्र आपल्या आज्यांची पद्धत वापरा, वस्त्रगाळ. पातेल्याच्या तोंडावर धुऊन कडक वाळवलेलं मलमल नाहीतर जुन्या धोतराचं तुकडं घट्ट बांधायचं, थोडी थोडी पिठी टाकायची आणि तळव्याने हलक्या हाताने गोल चोळायची. वेळ खातं, हात भरून येतो, पण खाली जे पडतं ते बोटाच्या चिमटीत धरलं की जाणवतच नाही. बारीक झालीये का हे डोळ्यांनी ठरवू नका, चिमूटभर जिभेवर ठेवून टाळूला दाबा, खरखर लागली तर अजून जाड आहे.

आयसिंग कचकच का लागतं त्याचं कारण इथेच आहे. बऱ्याच जणींना वाटतं की फेटत राहिलं की साखर विरघळेल. विरघळणार नाही, कारण साखर पाण्यात विरघळते, तुपात-लोण्यात नाही. बटरमध्ये पाणी असतं साधारण १६ टक्के. म्हणजे १०० ग्रॅम बटरमध्ये १६ ग्रॅम पाणी, आणि पाणी आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट साखर विरघळवू शकतं, म्हणजे फार तर ३२ ग्रॅम. बटरक्रीमला आपण १०० ग्रॅम बटरला २०० ग्रॅम साखर घालतो. मग उरलेली १६०-१७० ग्रॅम कुठे जाणार, ती कणांच्याच रूपात तिथेच बसणार. त्यामुळे कण जेवढे जाड तेवढं कचकच, यात तुमच्या बीटरचा काही दोष नाही. वस्त्रगाळ केलीत तर फरक पहिल्या चमच्यालाच कळेल. चमचाभर कोमट दूध थोडं थोडं घालून फेटलं तर आणखी मऊ होतं, पण फार नको, क्रीम ओघळायला लागतं.

हेच गणित लाडवाला उलटं कामी येतं. तुपात पाणी जवळपास नसतंच, त्यामुळे तुम्ही साखर ज्या जाडीची घालाल त्याच जाडीची ती लाडवात राहते. म्हणून बेसनाचा लाडू रवाळ आवडत असेल तर पिठी वस्त्रगाळ अजिबात करू नका, नुसती मिक्सरमधून काढून एकदा चाळा. फार बारीक साखरेने लाडू टाळूला चिकटतो. आणि भाजलेलं बेसन गरम असताना साखर घालू नका, मिश्रण पातळ होतं आणि वळलेले लाडू ताटात बसतात. हात लावून कोमट वाटलं की मगच घाला. वेलची वेगळी कुटत बसू नका, दाणे २ चमचे साखरेबरोबर दळा, नुसते दाणे पात्याखाली सापडत नाहीत पण साखरेच्या दाण्यांमध्ये अडकून पार भुकटी होतात.

हलवायाच्या बेसन लाडवाचा पोत घरी येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तगार करून बघा, काही जण बुरा म्हणतात. ही दळलेली साखर नाहीच. २ कप साखरेत अर्धा कप पाणी घालून पाक करायचा, वर मळी आली तर चमचाभर दूध घालून ती काढायची, गोळीबंद पाक झाला, म्हणजे थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी वळली, की गॅस बंद, चमचाभर तूप, आणि मग न थांबता घोटत राहायचं. आधी पांढरा होतो, मग जड होतो, हात दुखायला लागतो आणि एकदम मोकळा होऊन भुकटी पडते. चाळून घ्यायची. तिचे कण स्वतःच्या आकाराने तयार झालेले असतात, फोडलेले नसतात, त्यामुळे तिच्या पिठीसाखरेएवढ्या लगेच गुठळ्या होत नाहीत आणि लाडूही छान रवाळ होतो. दिवाळीच्या मोठ्या ऑर्डरीला मी हीच करते.

हे "फोडलेले कण" म्हणजे काय ते नीट सांगते, कारण गुठळ्यांचं मूळ तिथे आहे. साखरेचा दाणा म्हणजे स्फटिक, आत सगळी रचना शिस्तीत बसलेली. मिक्सरच्या पात्याने तो जोरात फुटतो तेव्हा फुटलेल्या पृष्ठभागावरची ती शिस्त मोडते. अख्खी साखर हवेतलं पाणी ओढायला लागते ती आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या आसपास गेली की, पण मोडलेला थर त्याच्या कितीतरी आधी ओलावा ओढतो. ओढलेल्या ओलाव्यात तो थर परत स्फटिक व्हायला लागतो, आणि होताना शेजारच्या कणाला पकडून ठेवतो. झाली गुठळी. म्हणजे डब्याचं झाकण घट्ट असलं तरी, दळताना आत जेवढी दमट हवा गेली तेवढ्यानेही पिठी धरते. सकाळी दळलेली पिठी दुपारी ढेकळासारखी दिसते ती यामुळे, साखर खराब होती म्हणून नाही. आणि जुलै-ऑगस्टमध्ये तर मुंबईची हवा कितीतरी दिवस ८५ टक्क्यांच्या वरच असते, तेव्हा अख्खी साखरसुद्धा डब्यात ओलसर लागते, तिथे पिठीचा काय निभाव लागणार!

पावसाळ्यात दळायचीच असेल तर साखर आधी वाळवा. पसरट ताटात पसरून ओव्हनमध्ये अगदी मंद, ६० अंशांच्या आसपास, अर्धा तास. ओव्हन नसेल तर जाड तवा गरम करून गॅस बंद करा आणि त्यावर ताट ठेवा. मग पूर्ण गार होऊ द्या, गरम साखर मिक्सरमध्ये घातली की वर सांगितलं तसं दव धरतं. घरात एसी असेल तर तो तासभर आधी लावून त्याच खोलीत दळा आणि तिथेच डबा बंद करा, एसी हवेतलं पाणी काढून घेतो. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, कितीही घट्ट डबा असू दे. बाहेर काढून उघडला की मुंबईची दमट हवा गार साखरेवर पाणी सोडते आणि वरचा थर पापडासारखा कडक होतो.

कॉर्नफ्लोअरचं आता समजेल. ते कणांच्या मध्ये जाऊन बसतं, ओलावा स्वतः पितं आणि कणांना एकमेकांना धरू देत नाही. विकतच्या आयसिंग शुगरमध्येही साधारण ३ ते ५ टक्के स्टार्च असतो. घरी १ कप न दळलेल्या साखरेला १ टेबलस्पून सपाट, म्हणजे साधारण ८ ग्रॅम, ते ४ टक्के झालं. ते दळताना बरोबरच घाला, नंतर मिसळू नका, कारण कण फुटतो त्याच क्षणी त्याच्यावर कॉर्नफ्लोअर बसायला हवं. पांढरं, बोटांत चोळलं की करकर करणारं कॉर्नफ्लोअर घ्या, भाकरीचं मक्याचं पिवळं पीठ नाही. हे फक्त आयसिंगला आणि वर भुरभुरवायला. लाडवात, करंजीच्या सारणात घालू नका, कच्च्या पिठाची चव लागते, आणि सरबतात-कॉफीत तर नकोच, खाली गढूळ साका बसतो. उपासाच्या पदार्थाला हवी असेल तर काहीच न घालता ताजी दळा, फारच वाटलं तर आरारूट.

नानकटाईबद्दल एक सांगते. पूर्वी गल्लीच्या बेकरीत पीठ, तूप, पिठीसाखर घेऊन जायचं आणि तिथून पत्रे भाजून आणायचे, अजूनही काही ठिकाणी दिवाळीत रांगा लागतात, आणि तिथला भट्टीवाला पीठ हातात घेऊनच सांगतो साखर जाड आहे म्हणून. नानकटाईच्या पिठात पाणी नसतंच, त्यामुळे जाड कण विरघळत नाहीत, ते भट्टीत वर येऊन तपकिरी ठिपके होतात आणि खाताना कुरकुरतात. १ कप मैद्याला अर्धा कप पिठीसाखर आणि अर्धा कप तूप हे माझं माप. आधी तूप आणि साखर हलकं पांढरं होईपर्यंत फेटायचं, आणि इथे चाळलेलीच साखर हवी.

चिरोट्यांना वेगळी गंमत आहे. तळून काढल्या काढल्या साखर टाकली तर ती तुपात भिजून पारदर्शक होते, दिसतही नाही. पूर्ण गार झाल्यावर टाकली तर उचलताना सगळी ताटात गळते. कागदावर दोन-तीन मिनिटं निथळू द्या, हाताला सोसेल इतके गरम असताना चहाच्या गाळणीतून भुरभुरवा, म्हणजे पदरांच्या कडांना नीट धरते.

गुठळ्या झाल्याच तर टाकून देऊ नका. दाबल्यावर कोरडी फुटत असेल तर तशीच परत मिक्सरमधून काढा आणि चाळा. दाबल्यावर ओलसर चिकटत असेल तर तिची पिठी परत होणार नाही, पण सरबताला, शिऱ्याला, पाकाला ती उत्तम.

विकतची कधी आणायची ते राहिलं. रॉयल आयसिंगला, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यात साखर फेटून जी कडक होणारी नक्षी काढतात त्याला, १ किंवा २ नंबरचं नोझल लावलं तर वस्त्रगाळ पिठीतलाही एखादा कण तोंडाशी अडकतो, रेघ तुटते, आणि जोर दिला की एकदम फुटून बाहेर येते. ऑर्डरीच्या केकवर हा धोका घेऊ नये. क्रॉफर्ड मार्केटला बेकिंगच्या सामानाच्या दुकानांत आयसिंग शुगर मोठ्या पिशवीतही मिळते आणि स्वस्त पडते, पण पावसाळ्यात अर्ध्या किलोचीच घ्या, घेताना पिशवी बाहेरून चाचपून बघा, आत खडे लागले तर दुसरी मागा, आणि मागे घटकांत स्टार्च लिहिलंय का ते वाचा. नुसतंच साखर लिहिलेलं असेल तर ती तुमच्या घरच्यासारखीच पिठीसाखर आहे, तिला आयसिंग शुगरचे पैसे देऊ नका.